कोकणातलं जुनं घर टप्प्याटप्प्यानं नवं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर दर सुट्टीत थोडं थोडं सुधारतोय. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, कौलं, ओटी, माजघर, मागची पडवी, असं चारचौघांसारखंच घर. फोटो नातेवाइकांत फिरले, मग नातेवाइकांच्या नातेवाइकांचे प्रश्न यायला लागले. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा इथे एकत्र ठेवलं आहे. मी इंजिनिअर नाही. भिंत, तुळई किंवा पाया यांना हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणाच.

१. घर साठ-सत्तर वर्षांचं आहे. दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

वय विचारू नका, तीन जागा बघा: जोतं (घराचा चौथरा), भिंती आणि आढं (छपराची सगळ्यात वरची आडवी तुळई). जोतं एका बाजूला खचलंय का, भिंत ओळंब्यात आहे की पोट काढून उभी आहे, आढं मधे वाकलंय का. ही तिन्ही ठीक असतील तर घर दुरुस्त होतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून टणक होत जातो, त्यामुळे जुन्या भिंती बहुधा दिसतात त्यापेक्षा मजबूत निघतात. दगड सहसा टिकलेला असतो, दोन थरांमधली माती मात्र वाहून गेलेली असू शकते. सांध्यात खिळा घालून बघा.

छपराचं लाकूड कुजलं म्हणून पाडायला निघालेले लोक मी पाहिलेत. बहुतेक वेळा कुजलेली असतात ती वाशांची भिंतीवर टेकणारी टोकं, कारण गळतीचं पाणी तिथेच साचतं. प्रत्येक वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आमच्याकडे ४२ वाशांपैकी ११ बदलावे लागले. आधी ज्याला दाखवलं होतं त्या ठेकेदारानं सगळंच छप्पर ‘गेलेलं’ ठरवलं होतं.

२. सुरुवात कुठून करायची?

वरून. आधी छप्पर, मग वाळवी, मग वायरिंग आणि नळ, मग न्हाणी-संडास, मग गिलावा, मग जमीन आणि सगळ्यात शेवटी रंग. आम्ही उलटं केलं होतं. पहिल्याच वर्षी उत्साहानं माजघरात फरशी घातली. दुसऱ्या वर्षी छपराचं काम निघालं, वरून कौल निसटलं आणि नव्या फरशीचे चार तुकडे. तसल्या रंगाची फरशी नंतर मिळाली नाही. तिथे आता धान्याचा पिंप ठेवलेला असतो, तो त्यासाठीच.

३. काम कोणत्या महिन्यात काढावं?

छपराचं काम दिवाळी झाल्यावर. लाकूड कोरडं असतं, ऊन सोसवतं. होळीच्या आधी संपवा, कारण शिमग्याला पालखी गावात आली की गवंडी, सुतार, गडी कोणीही कामावर येत नाही. यावं अशी अपेक्षाही धरू नका. गिलावा आणि जमीन फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये चाकरमानी येतात, तेव्हा घर उघडं पडलेलं नको.

शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून सरकलेली बसवणं, दरवर्षी मिरगाच्या आधी करायचीच, मोठं काम असो वा नसो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे एक सरकलेलं कौल एका मोसमात एक वासा खातं.

४. घर सामाईक आहे. खर्च मी करणार, तरी सगळ्यांची परवानगी लागते का?

शाकारणी, गळती, मोडका दरवाजा अशा गरजेच्या दुरुस्तीवर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण भिंत पाडणं, खोली वाढवणं, छपराचा प्रकार बदलणं यांसाठी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. एकानं कोर्टातून मनाई आणली की अर्धवट उघडं छप्पर घेऊन पावसाळा काढावा लागतो.

हिस्सेदार मोजताना बहिणी आणि आत्या राहून जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. ‘ती कशाला विचारतेय, ती लग्न होऊन गेली’ हे वाक्य त्यामुळे कायद्यातही बसत नाही. माणुसकीत कधीच बसत नव्हतं.

आणखी दोन गोष्टी. तुम्ही पैसे घातलेत म्हणून तुमचा हिस्सा आपोआप वाढत नाही. म्हणून संमतिपत्रातच लिहा की खर्च कोणी केला आणि पुढे वाटणी झाली तर तो कसा धरायचा. दुसरं, संमतिपत्र आणि हक्कसोडपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीच्या नावाखाली कोणाकडून हक्कसोडीवर सही घेऊ नका आणि स्वतःही वाचल्याशिवाय करू नका.

५. ग्रामपंचायतीची परवानगी?

कौलं बदलणं, गिलावा, रंग, फरशी यांना सहसा लागत नाही. घराचा आकार वाढवणार, मजला चढवणार किंवा पाडून बांधणार असाल तर लागते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ती ग्रामपंचायतीकडून घ्यायची. घर समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम वेगळे लागतात, ते आधी तपासा.

घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा सांभाळून ठेवा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं दिली जातात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रकावर नावं कोणाकोणाची लागलीत हे काम काढण्याआधीच बघा.

६. दरवर्षी शाकारणीचा वैताग आलाय. कौलं काढून स्लॅब टाकू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या पुढे जातं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे चाळीसेक किलो. वासे आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) धरूनही फरक प्रचंड आहे. मातीच्या सांध्यांत रचलेली भिंत हे ओझं घेईल असं इंजिनिअरनं लिहून दिल्याशिवाय विचारसुद्धा नको. करायचंच असेल तर आतून खांब आणि बीम उभे करून, भिंतीवर भार न देता करतात. तेवढ्यात बऱ्यापैकी नवं घर होतं.

आणि स्लॅब गळत नाही हा गैरसमज आहे. सपाट छपरावर पाणी थांबतं, बारीक चीर पडते, सळी गंजते. पाच-सात वर्षांत स्लॅबवर पत्र्याची शेड चढलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत. म्हणजे शेवटी उतरतं छप्पर आलंच, फक्त दोनदा पैसे घालून. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी स्लॅबखाली झोपून बघा.

माझं मत: सुट्टीपुरत्या वापराच्या घरावर स्लॅब टाकू नये. न्हाणी-संडासाच्या छोट्या जोडखोलीवर चालेल, वर पाण्याची टाकीही बसते.

७. मग कौलांच्या रंगाचा पत्रा?

वजन कमी, माकडांचा त्रास नाही, शाकारणी नाही. वाडीत माकडं असतील तर हा मुद्दा लहान समजू नका. आमच्या शेजाऱ्यांनी माकडांपुढेच हात टेकले. तोटे दोन. पावसात ओटीवर बोलणं ऐकू येत नाही. आणि पत्रा हलका असल्यामुळे वारा त्याला खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले, पण उडालेला पत्रा दुसऱ्याच्या घरावर जाऊन पडतो. पत्रा घालणार असाल तर लोखंडी सांगाडा भिंतीत आणि खांबांत नीट बांधून घ्या, कडेच्या ओळीला हूक जास्त मारा आणि वळचण फार बाहेर काढू नका.

सिमेंटचे जुने पत्रे काढत असाल तर ते बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. कोरडे कापू-फोडू नका. पाणी मारून अख्खे उतरवा.

८. आमच्याकडे नळीची कौलं आहेत. बदलावीत का?

घर राहतं असेल तर बदला. नळीची कौलं नुसती एकावर एक रचलेली असतात, मांजर धावली तरी सरकतात. मंगलोरी कौलांना एकमेकांत अडकायला खाचा असतात. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्यानं वर सगळीकडे पसरली. आज ‘पारंपरिक’ वाटणारं हे छप्परही एकेकाळी कारखान्यातून आलेली नवी फॅशन होती. घर बदललं की ‘जुनं पण गेलं’ म्हणणाऱ्या काकांना हे सांगायला बरं पडतं.

मंगलोरीसाठी रिपांमधलं अंतर वेगळं असतं, म्हणजे रिपा नव्यानं ठोकाव्या लागतात. तेवढा खर्च धरा.

९. भिंतीना ओल येते, रंग फुगतो. किती वेळा रंगवू?

रंगवणं थांबवा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

वरून येत असेल तर ते छपराचं काम (प्रश्न ३). खालून चढत असेल, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पट्टा दिसत असेल, तर बाहेर जा आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जोत्याला लागून पडत असतील तर वळचण कमी आहे किंवा पन्हळ हवी. घराभोवती जोत्याला चिकटून काँक्रीट घातलं असेल आणि त्याचा उतार भिंतीकडे असेल तर दोष तिथेच सापडला. उतार बाहेर हवा आणि पागोळ्यांच्या रेषेत चर हवा.

तिसरं कारण सहसा कोणी सांगत नाही: सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र आहे, पावसात पाणी पितो आणि दिवाळीनंतर सोडतो. त्यावर घट्ट सिमेंट थापलं की गिलाव्याच्या भेगांमधून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही, मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. जुनी माणसं चुना वापरत, किनाऱ्याला तर शिंपल्यांचा चुना. तो भिंतीला श्वास घेऊ देतो. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला तर सोडू नका. नाहीच मिळाला तर सिमेंट १, चुना १, वाळू ६ हे मिश्रण मधला मार्ग आहे. फुगलेला गिलावा पूर्ण खरवडून भिंत निदान एक उन्हाळा उघडी वाळू द्या. आम्ही घाई केली नाही, एवढं एकच काम आम्हाला पहिल्याच फटक्यात जमलं.

१०. चिरा उघडा ठेवला तर छान दिसतो ना?

ओटीवर आणि आतल्या एखाद्या भिंतीवर छान दिसतो. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, म्हणजे बहुधा पश्चिम-नैऋत्येला, ठेवू नका. आत ठेवलात तर सांधे भरून घ्या, नाहीतर भोकांत विंचू राहायला येतात.

११. वाळवी लागली आहे. औषध मारलं की संपते का?

फवारणीनं दिसणारी वाळवी मरते, वारूळ जमिनीत असतं. प्रशिक्षित माणसाकडून भिंतीच्या कडेनं फूटफूटभर अंतरावर भोकं पाडून औषध सोडून घ्या आणि पुढची निदान पाच वर्षं दर उन्हाळ्यात चिखलाच्या नळ्या शोधत फिरा. विहीर जवळ असेल तर ते आधी सांगा. जमीन बदलणार असाल तर हे काम तिच्याआधी (प्रश्न १३).

लाकडाला आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात. उत्तम चालतं, पण हातमोजे घाला, कातडी अक्षरशः भाजते.

आणखी एक: पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांना लागायचा, लाकूड काळं पण कोरडं राहायचं. गॅस आला आणि धूर गेला. चूल परत आणा असं म्हणत नाही, पण हे छप्पर धुराच्या भरवशावर उभं होतं हे लक्षात ठेवून आता तेल-औषधाची पाळी चुकवू नका.

१२. माजघर दिवसासुद्धा अंधारं असतं. भिंत काढून मोठा हॉल करू?

आधी दोन-चार काचेची कौलं बसवा. एका सकाळीचं काम आहे आणि निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. दक्षिणेच्या पाख्यावर मात्र एकाच जागी तीन-चार घालू नका, उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही.

भिंत काढण्याबद्दल: माजघराच्या भिंती बहुधा आढ्याचा भार घेतात आणि एकमेकींना धरूनही ठेवतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं चिपळूण-संगमेश्वर भागात अजून आहेत. त्या भागात आडव्या भिंती काढून घर मोकळं करणं म्हणजे त्याचे गुडघेच काढणं. खिडकी पाडणं किंवा दार रुंद करणं जमतं, पण वर लिंटेल (भार पेलणारी आडवी पट्टी) बसवून, दोन्ही बाजूंना पुरेशी टेकू देऊन आणि कोपऱ्यापासून दूर.

१३. शेणाच्या जमिनीवर थेट फरशी घालता येईल?

नाही. सारवलेली जमीन ओल हळूहळू वर सोडते, फरशीखाली तीच ओल अडकते. जुना थर उकरून काढा, दगडांची सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, मग काँक्रीट, मग फरशी. उकरायचं महत्त्व दुसरंही आहे: न उकरता वर चढवत गेलात तर चार-पाच इंचांनी उंबरा गिळला जातो, दारं खालून कापावी लागतात आणि पडवीतलं पाणी आत यायला लागतं.

काय घालावं? गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीला जुलैमध्ये घाम फुटतो आणि घरातलं म्हातारं माणूस घसरतं. शहाबादी, कोटा किंवा लाल कोबा बरा. जमिनीत पुरलेलं उखळ असेल तर गवंड्याला आधीच बजावा. आमचं एका दुपारी, आम्ही बाजारात गेलेलो असताना, काँक्रीटखाली गेलं.

१४. संडास घरात घ्यायचा आहे.

जरूर घ्या, रात्री पावसात मागीलदारी जाणं ही परंपरा नव्हे. फक्त शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी लांबवर जातं. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

१५. वायरिंग चालू आहे, तरी बदलायचं का?

लाकडी पट्टीतली जुनी वायर असेल तर हो, पूर्ण. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. कातळावरच्या घरांत अर्थिंग कागदावरच असतं, कारण उन्हाळ्यात कातळ कोरडा पडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालत जा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की फ्रिज-टीव्हीचे प्लग काढून ठेवणं अजूनही सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे.

१६. कौलांतून कचरा पडतो. फॉल्स सीलिंग?

जिप्समचं नको, एका पावसात फुगतं. लाकडी फळ्यांचा माळा किंवा कौलांखाली फळ्या-बोर्ड ठोकून घ्या, मधे हवा खेळती ठेवा आणि गळती शोधायला एक झडप ठेवा. गणपती जिथे बसतो तिथे माटवीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या लाकडी चौकटीच्या) कड्या तपासूनच काम सुरू करा. ही चूक भाद्रपदात कळते.

१७. जुन्या दारांवर तेलरंगाचे थर आहेत. घासून लाकूड उघडं करू?

करा, पण कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत ते बरंच जास्त असू शकतं. ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलांना तेवढे दिवस लांब ठेवा.

१८. मोडतोड संपली. आता दरवर्षी घराला थोडं नवं रूप द्यायचंय, पण खर्च नको.

सिंधुदुर्गात गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्यानं रंगवून तिच्यावर चित्रं काढतात. आम्ही तीच युक्ती उचलली. बाकी घर पांढरं, फक्त ती एक भिंत दर श्रावणात बदलते. एका वर्षी भाचीनं तिच्यावर एसटी काढली. गणपतीला तक्रार नव्हती, आजीला होती.

दुसरं, सामान खोल्याखोल्यांतून फिरवा. माळ्यावरचा पाट शेल्फ झाला, तांब्याचं घंगाळ ओटीवर आलं, झोपाळा ओटीवरून मागच्या पडवीत गेला (कडी तुळईतच हवी, वाशात नको). नवीन विकत घेण्याआधी माळा एकदा रिकामा करून बघा.

१९. बाबा काहीच बदलू देत नाहीत.

एक खोली त्यांची. तिला हात नाही. बाकीच्यांबद्दल मग बोलणी होतात.

२०. परसात साग आणि फणस आहे. आपलंच झाड, तोडून वासे काढू?

आपलं असलं तरी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं अनुसूचीत आहेत. अर्ज आधी करा. सात-बारावर नावं जास्त असतील तर इथेही प्रश्न ४ आडवा येतो. ओलं लाकूड लगेच छपरावर चढवू नका, वर्षभर सावलीत वाळू द्या.

२१. घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. मग वरचं सगळं कसं लागू होतं?

बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं. खिडक्या गच्च बंद ठेवू नका, वरची झरोक्यांची जाळी उघडी राहू द्या. गाद्या तारेवर टांगा, धान्य ठेवू नका, मेन स्विच बंद करा, पण बाहेरच्या दिव्याची लाइन वेगळी ठेवा. किल्ली वाडीतल्या एकाकडे द्या आणि त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून फुकट काम धरून चालू नका. जुलैच्या मध्यावर त्यानं एकदा आत फिरून वर बघायचं आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूनं जमिनीवर गोल काढायचा. दिवाळीत आलो की आम्ही ते गोल मोजतो आणि त्यावरून सुताराला निरोप पाठवतो. यंदा तीन होते.